घाडीकाकांचा होकार

आमची सोसायटी चारकोपला, एका चौकाभोवती बांधलेल्या बैठ्या घरांची. बहुतेकांनी आता वर एक मजला चढवला आहे. गणपती बसायचा असो, कोणाची नवी रिक्षा आलेली असो, नाहीतर पाण्याचा पंप सुरू करायचा असो, नारळ फुटण्याआधी गाऱ्हाणं घालायचं काम दशरथ घाडीगावकर यांचं. आम्ही सगळे त्यांना घाडीकाका म्हणतो.

गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मांडलेलं मागणं. कोकणात कणकवलीच्या पलीकडे काकांचं गाव आहे आणि तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. काका एकेक मागणं मांडत जायचे आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी घाटावरचा, पण चारकोपला आल्यावर पहिल्याच वर्षी तेवढं शिकलो.

काकांची एक पद्धत होती. गाऱ्हाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते घरोघर जायचे. दारात उभं राहून विचारायचे, "तुझा काय सांगू देवाक?" ज्याने जे सांगितलं तेवढंच दुसऱ्या दिवशी देवासमोर मांडायचं. न विचारता कोणाचं काही मांडायचं नाही.

या पद्धतीपायी त्यांनी एकदा शेजाऱ्याचा रागही ओढवून घेतला. शेजाऱ्याला आपल्या मुलीचं, तेजलचं, एका ठरावीक स्थळाशी जमावं म्हणून गाऱ्हाणं हवं होतं. काका म्हणाले, "तिका विचारतंय." तेजल गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "गे, तुका तो व्हयो काय?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाऱ्हाण्यात ते स्थळ आलं नाही. शेजाऱ्याने पुढे कितीतरी दिवस काकांशी बोलणं टाकलं होतं.

पंपाच्या वेळचा किस्सा त्याहून गाजला. आमच्या सोसायटीतले कुंडलिक जालन्याकडचे, बौद्ध. पूजेबिजेला ते येत नाहीत, पण चहाला येतात. काका त्यांच्याही दारात गेले. "तुमचा काय सांगू?"

"माझं देवाकडे काही नाही काका," कुंडलिक म्हणाले. "प्लंबरकडे आहे."

काका खो खो हसले. दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्यात त्यांनी कुंडलिकांचं नाव घेतलं नाही आणि नारळ फुटल्यावर प्लंबरला हाताला धरून कुंडलिकांच्या नळापाशी नेऊन उभं केलं.

काका मिसरूड फुटायच्या वयात मुंबईत आले. मामाने गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात चिकटवलं. तिथे त्यांचा जोडीदार होता खंडू. त्याचा उजवा हात यंत्रात गेला तेव्हा काकांनीच त्याला उचलून फाटकाबाहेर आणलं होतं. पुढे संप झाला, गिरणी गेली, आणि काका चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या गाळ्यात लागले. निवृत्तही तिथूनच झाले. पत्नी मालनकाकी काही वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा राजेश साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. सून माधुरी घर बघते आणि घरबसल्या ब्लाउज शिवते.

काकी गेल्यानंतर काकांचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. एका सकाळी डबा मागून घेऊन ते पहिल्या पाळीला निघाले. मी सोसायटीच्या गेटपाशी त्यांना गाठलं.

"कुठे काका?"

"गिरणीत. भोंगो झालो."

"आज सुट्टी आहे."

"तुका कोणी सांगल्यान?"

"मी खजिनदार आहे."

हे त्यांना पटलं आणि ते परत फिरले. आमच्या सोसायटीच्या खजिनदाराचा गिरणीच्या सुट्टीशी काय संबंध, हा प्रश्न त्यांना पडला नाही, त्यावरूनच दुखणं किती पुढे गेलंय ते मला कळलं. माधुरी त्यांना बोरिवलीला डॉ. शर्मिष्ठांकडे घेऊन गेली. त्या स्मरणशक्तीच्या आजारांवरच्या डॉक्टर. हा डिमेन्शिया आहे, मागे फिरणारा नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या वर्षी गणपतीत गाऱ्हाणं राजेशने घातलं. काका समोर खुर्चीत होते. कोणाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण प्रत्येक मागण्याला सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून मोठ्याने "व्हय म्हाराजा" आलं ते त्यांचं. आम्हाला बरं वाटलं. एवढं तरी शाबूत आहे, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

मग पायाचं निघालं. काकांना मधुमेह जुना. नव्या चपलेचा पट्टा लागून डाव्या पायाला जखम झाली आणि त्यांना ती सांगता आली नाही. माधुरीच्या लक्षात आलं तोवर दोन बोटं काळी पडली होती. हॉस्पिटलात ठेवून इंजेक्शनं दिली, बोटं काढली, पण काळेपणा वर चढत राहिला. तिथे काका सलाईनची नळी ओढायचे म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. भेटायच्या वेळी मी गेलो तेव्हा मनगटांवर वळ होते आणि आवाज पूर्ण बसलेला होता. काही दिवसांनी घरी सोडताना सर्जनने सांगितलं, की पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. इंजेक्शनांनी थोडी सवड मिळाली आहे, पण फार नाही. जखमेतलं विष अंगात पसरलं तर माणूस जाईल.

राजेश सही करायला तयारच होता. तो भेटायला गेला तेव्हा डॉ. शर्मिष्ठांनी त्याला विचारलं, "वडिलांना विचारलंत?"

"मॅडम, त्यांना माझं नाव आठवत नाही. त्यांना काय विचारू?"

"नाव आठवत नाही म्हणजे मत नाही असं नसतं. सगळं समजणार नाही त्यांना. जेवढं समजेल तेवढं विचारा."

"मी मुलगा आहे. सही माझी चालते ना?"

"सही तुमचीच लागणार आहे. पण पाय त्यांचा आहे."

राजेश घरी आला तो घुश्शातच. त्याचं म्हणणं मला समजत होतं. बाप डोळ्यांसमोर जाऊ द्यायचा की पाय द्यायचा, यात विचारण्यासारखं त्याला काही दिसत नव्हतं. पण बाईंचं बोलणं त्याच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आम्हा चार-पाच जणांना घरी बोलावलं. देव्हाऱ्यात दिवा लावला, पानावर सुपारी ठेवली आणि हात जोडून काकांसारखंच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरार जी काय आपदा इली हा, ती दूर कर. बाबांचो पाय डॉक्टर कापतले आसत. ता काम नीट पार पडू दी आणि बाबांका आयुष्य घाल रे म्हाराजा!"

कॉटवर पडलेल्या काकांनी दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

राजेशचे डोळे भरून आले. "ऐकलंत ना? बाबांनी होकार दिला."

ऐकलं होतं. आम्ही सगळ्यांनीच माना हलवल्या. मीही घरी येऊन बायकोला सांगितलं, की काका तयार आहेत, आता प्रश्न मिटला. राजेशने त्याच रात्री डॉक्टरांना तसं कळवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी काकांची विचारपूस करायला गेलो, राजेश पेपर वाचत होता. माधुरी आतून हात पुसत आली आणि देव्हाऱ्यासमोर उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा," तिने चढ्या आवाजात सुरू केलं, "बाबांच्या पायाक कोणी हात लावूचो नाय. आसा तसोच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कॉटवरून काका.

राजेशने पेपर खाली ठेवला.

"बा देवा म्हाराजा, आज घावन्यांत मीठ घालूक मी विसारलंय, तरी सगळ्यांनी गुपचूप खावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला हसू आवरेना. राजेश ताडकन उठला. "थट्टा चाललीय तुझी? बाबांची थट्टा करतेस तू?"

"मी? काल तू काय केलंस? त्यांच्या तोंडात होकार कोंबलास."

"कोंबला? ते स्वतः बोलले!"

"अरे, ते आयुष्यभर तेच बोललेत. उद्या त्यांची कॉट विकतो म्हणून सांग देवाला, त्यालाही व्हय म्हाराजाच येणार. भाऊ, तुम्ही तरी सांगा ह्याला."

भाऊ म्हणजे मी. आदल्या दिवशी मीही मान हलवली होती.

"मग काय करू?" राजेशचा आवाज एकदम उतरला. "पाय सडतोय माधुरी. तुला वाटतंय मला हौस आहे?"

"हौस कोण म्हणतंय. विचारू या, एवढंच. त्यांनी तेजलला विचारलं होतं, कुंडलिकांना विचारलं होतं. आपण त्यांना नाही विचारलं."

डॉ. शर्मिष्ठांना फोन केला तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. बाकी सगळं गेलं तरी पाठ झालेलं टिकतं, कोणाकडे शुभंकरोती, कोणाकडे पाढे, म्हणाल्या. होय-नाही अशा उत्तराचा प्रश्न विचारू नका. सकाळी ते ताजे असतात तेव्हा विचारा. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात, ती वस्तू समोर दाखवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शब्द बदलतील, पण काही एक गोष्ट परत परत येते का ते बघा.

माधुरीने काकांचीच पद्धत घेतली. सकाळी त्यांचं अंग पुसून झालं, चहा झाला, की ती कॉटवर त्यांच्याशेजारी बसायची.

"बाबा, तुमचा काय सांगू देवाक?"

पहिल्या दिवशी काकांनी बराच विचार केला. "गिरण सुरू होवंदे," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मालनीक सांग, पाणी तापव."

त्या दिवशी राजेश कामाला जाताना मला गेटवर भेटला. "बघितलंत भाऊ? हे असं. हे ऐकून मी काय ठरवायचं?"

दुसऱ्या दिवशी माधुरीने चादर बाजूला केली आणि पाय दाखवला. "ह्या पायाचा काय सांगू?"

काका पायाकडे कोणा दुसऱ्याचा असल्यासारखे बघत राहिले. "दुखता," म्हणाले.

"खूप?"

"रातचो चावता."

"डॉक्टर म्हणतत कापूक व्हयो."

राजेश बुटाची नाडी बांधता बांधता थांबला होता. काकांनी आपला उजवा हात पुढे केला आणि कोपराखाली त्यावरून डावा हात सुरीसारखा फिरवला. "खंडूचो कापल्यानी. थयसून."

"खंडू कोण?" माधुरीने हळूच राजेशला विचारलं.

"गिरणीतले. त्यांचा हात गेला होता." राजेश कॉटजवळ आला. "होळीला यायचे आमच्याकडे. बाबा, खंडूकाका कॅरम कशान खेळायचे?"

"डाव्यान," काका लगेच म्हणाले. "सगळ्यांक हरवी, भोसडीचो."

माधुरीने पदर तोंडाला लावला. राजेशही हसला, पण मग तिथेच कॉटच्या कडेला बसला. कापणं म्हणजे काय ते बाबांना माहीत आहे, असं त्याने मला त्या संध्याकाळी दोनदा सांगितलं. आदल्या दिवशीचं गेटवरचं बोलणं तो विसरला होता.

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः विचारलं. वर्कशॉपला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि बापासमोर बसला. "बाबा, पायाचं काय सांगू देवाला?"

"दुखूक नको."

"आणि?"

काकांनी त्याचं मनगट पकडलं. "माका थंय टाकून येव नको."

"कुठे, बाबा?"

काकांनी आपली दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली, बांधल्यासारखी. "थंय."

पुढेही दोन-तीन सकाळी त्यांनी विचारलं. एकदा उत्तर आलं नाही, एकदा काका चिडून भिंतीकडे तोंड करून झोपले. पण जेव्हा आलं तेव्हा याच दोन गोष्टी आल्या. दुखायला नको, आणि तिथे टाकून येऊ नको. पाय ठेवा असं ते एकदाही म्हणाले नाहीत, कापा असंही नाही.

हे सगळं घेऊन राजेश आणि माधुरी डॉ. शर्मिष्ठांकडे गेले. मला सोबत नेलं. राजेशने आल्याआल्या विचारलं, "ऑपरेशन नाहीच केलं तर?"

"तर घरीच ठेवायचं, औषधांनी वेदना कमी ठेवायच्या, आणि जेवढे दिवस मिळतील तेवढे. तोही मार्ग आहे. काही घरं तो घेतात आणि त्यात चुकीचं काही नाही. पण या पायाची वेदना औषधांनी पूर्ण थांबेल, असं मी सांगू शकत नाही. पाय काढला तर ती थांबण्याची शक्यता जास्त. मात्र या वयात ऑपरेशनचा धोका आहे आणि हॉस्पिटलात त्यांचा गोंधळ वाढेल, हेही धरून चाला."

"म्हणजे दुखू नये म्हणून कापायचं," माधुरी म्हणाली. "आणि टाकून येऊ नको म्हणाले, त्याचं?"

"ते सर्जनशी बोलावं लागेल."

सर्जनशी बोलणं सोपं गेलं नाही. वॉर्डात नातेवाईक ठरलेल्या वेळीच येतील, हा तिथला नियम. पेशंट नळ्या ओढतो म्हणून हात बांधावे लागतात, त्यात क्रूरपणा नाही, असं ते म्हणाले आणि त्यांच्या बाजूने ते खोटंही नव्हतं. राजेश सहसा डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसतो. त्या दिवशी म्हणाला, "साहेब, पाय घ्या. पण हात बांधायचे नाहीत. मी धरून बसतो. दिवसा बायको बसेल. हे जमणार नसेल तर मी सही करत नाही."

"वडिलांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"त्यांनीच सांगितलंय हे. दुसरं काही त्यांनी मागितलेलं नाही."

डॉ. शर्मिष्ठांनी सर्जनना फोन केला. शेवटी वॉर्डाऐवजी कोपऱ्यातली एक खोली मिळाली, एक माणूस कायम सोबत राहायची परवानगी मिळाली आणि पूर्ण भूल न देता कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन करायचं ठरलं. मग राजेशने सही केली.

ऑपरेशन झालं. तिथले दिवस वाईट गेले. काका राजेशला कधी मुकादम समजून शिव्या द्यायचे, कधी आपला सख्खा भाऊ समजून रडायचे, आणि नळीकडे हात न्यायचेच. राजेश हात धरून बसून राहायचा. एकदा मी त्याला सोडवायला गेलो तर त्याच्या हातावर नखांचे ओरखडे होते. "जा, चहा घेऊन ये, मी धरतो," म्हटलं तर उठेना. "भाऊ, तुम्ही धरलात तर त्यांना वाटेल मी टाकून गेलो."

काका घरी आले. जखम भरली. रोज सकाळी ते चादरीखाली बघतात आणि विचारतात, "पाय खय गेलो?"

पहिले काही दिवस राजेश सांगायचा, बँडेजमध्ये आहे बाबा. माधुरीला ते आवडायचं नाही. ती सरळ सांगते, "कापलो बाबा. दुखत होतो म्हणून. तुम्हीच सांगितलात, दुखूक नको."

"मी सांगलंय?"

"व्हय."

"मगे बरा झाला."

दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. आता राजेशही तेच उत्तर देतो.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणी धरून चाललं नव्हतं. अधूनमधून काका जिथे पाय होता त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "दुखता." कापलेला अवयव असा दुखू शकतो, म्हणतात डॉक्टर. गोळी आहे, तिने कमी होतं, काही दिवस होतही नाही. पण ज्यासाठी पाय दिला तेच असं परत आलं, की राजेशचा चेहरा बघवत नाही. तो हे कोणाजवळ बोलत नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीचं नवं गेट बसलं. आदल्या संध्याकाळी राजेश घरोघर फिरला. माझ्याही दारात आला. "भाऊ, तुमचं काय सांगू देवाला?" मी म्हटलं, निवृत्ती जवळ आलीय, गुडघे नीट राहू देत. कुंडलिकांनी त्याला प्लंबरचं काम झालं, आता सुताराकडे आहे, म्हणून सांगितलं.

सकाळी माधुरीने काकांना व्हीलचेअरवर चौकात आणलं. डोक्यावर टोपी, गुडघ्यांवर घडी घातलेली शाल. राजेशने नारळ हातात घेतला, पण सुरू करायच्या आधी तो खुर्चीपाशी गेला आणि वाकला.

"बाबा, तुमचं काय सांगू?"

काकांनी गेटकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. राजेश थांबून राहिला. मग त्याने आणखी खाली वाकून, पण शेजारी उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं, "बाबा, मी बरोबर केलं काय?"

काकांनी हात जोडले. "व्हय म्हाराजा!"

चौकात हशा पिकला. माधुरी हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली.

"राजेश," कुंडलिक मागून म्हणाले, "हा होकार धरू नकोस हं."

"नाही धरत," राजेश म्हणाला. "पण ऐकायला बरं वाटतं ना."

त्याने शाल काकांच्या पायावर नीट केली आणि गाऱ्हाणं सुरू केलं.